दाबोळीचे नौदल विमान संग्रहालय : वैमानिक ते नौदलप्रमुख ही वाट समजून घेण्यासाठी

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झाले. गोवा पाहायला आलेली मंडळी बहुधा किनाऱ्यावर जाता-येता इथे थोडा वेळ थांबतात, उघड्या मैदानावर उभ्या असलेल्या विमानांसमोर छायाचित्रे काढून घेतात आणि पुढे निघतात. तेवढ्यानेही मुले खूश होतात. परंतु नौदलात अधिकारी होण्याची इच्छा बाळगणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर या जागेला निदान अर्धा दिवस द्यावा आणि जाण्यापूर्वी एखाद्या नौदल अधिकाऱ्याची कारकीर्द नीट वाचून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. विमानांचे संग्रहालय असल्यामुळे येथे मांडणीच्या केंद्रस्थानी यंत्र आहे आणि ते योग्यच आहे. त्या यंत्रात बसलेला तरुण लेफ्टनंट पुढे कोणकोणत्या जबाबदाऱ्या पार करत कुठे पोहोचला, हे आपल्याला ठाऊक असले की तीच विमाने वेगळ्या क्रमाने आणि अधिक जवळून पाहावीशी वाटतात. मी स्वतः ॲडमिरल आर. एच. ताहिलियानी आणि ॲडमिरल अरुण प्रकाश या दोन नौदलप्रमुखांच्या कारकिर्दी मनात ठेवून हे संग्रहालय पाहिले, आणि त्याच अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवात छोट्या सीलँड विमानापासून करावी. जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे उतरू शकणारे हे विमान १९५३ मध्ये कोचीला आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथे ‘आयएनएस गरुड’ हा नौदलाचा पहिला हवाई तळ स्थापन झाला. मोठ्या आणि देखण्या विमानांच्या मैदानात सीलँडकडे सहसा कोणी वळत नाही, परंतु नौदलाच्या विमानदलाचा आरंभ किती लहान होता हे त्याच्यासमोर उभे राहिल्यावरच कळते. शेजारची फायरफ्लाय, प्रशिक्षणासाठी वापरलेले एचटी-२ आणि व्हँपायर ही विमाने त्याच घडणीच्या काळातील आहेत. ज्यांना पुढे सेनानी व्हायचे होते ते अधिकारी अशाच विमानांतून उडायला शिकले. या भागात फार रेंगाळले नाही तरी चालेल.

रेंगाळायचे ते सी हॉकपाशी. ब्रिटिश बनावटीचे हे एकआसनी जेट लढाऊ विमान आकाराने आजच्या मानाने लहान वाटते, पण त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली तर विमानवाहू नौकेवरचे जगणे त्यात दिसू लागते. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून पंख दुमडण्याची सोय. डेकवर धाव घेण्यास पुरेशी लांबी नाही, म्हणून पाठीमागे आकडा, जो उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकतो आणि काही क्षणांत विमानाला थांबवतो. इंजिनाचा वायू शेपटीतून बाहेर न पडता पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. ही मांडणी मुलांना बोट लावून दाखवण्यासारखी आहे. चार २० मिलिमीटर तोफा नाकाखाली आहेत. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’, तिची लांबी साधारण २१३ मीटर होती आणि त्यातला विमान उतरण्याचा भाग त्याहूनही बराच कमी. शिवाय खालचे जहाज स्थिर नसते. ते पुढे जात असते आणि लाटांवर खालीवर होत असते. हे सारे डोळ्यांपुढे आणून मग पुढची तारीख आठवावी.

१८ मे १९६१ या दिवशी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी असेच सी हॉक ‘विक्रांत’च्या डेकवर उतरवले. भारतीय वैमानिकाने त्या नौकेवर उतरवलेले ते पहिले जेट विमान. ‘विक्रांत’ दोनच महिन्यांपूर्वी, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली होती आणि भारताच्या किनाऱ्यापर्यंत अजून पोहोचलीही नव्हती. ती मुंबईला आली नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या मोहिमेत ती याच किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होती. आज ज्या पठारावर हे संग्रहालय आहे, त्याच पठारावरील धावपट्टी तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि १८ डिसेंबरला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँबफेक केली होती. मुक्तीनंतर दाबोळी नौदलाकडे आली आणि तमिळनाडूतील सुलूर येथे सुरू झालेला ‘आयएनएस हंसा’ हा तळ १९६४ मध्ये इथे हलवण्यात आला. गोव्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तळ इतका सवयीचा झाला आहे की त्याचा आणि आपल्या मुक्तीचा इतिहास एकाच मातीत रुजलेला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सी हॉकपुढे उभे राहून ती मुलांना आवर्जून सांगावी.

ताहिलियानी यांची पुढची वाट मला विशेष बोलकी वाटते. तेवीस वर्षांनी, १ डिसेंबर १९८४ रोजी, ते नौदलप्रमुख झाले आणि त्या पदावर पूर्ण तीन वर्षे राहिले. नौदलाच्या विमानदलातून त्या पदापर्यंत पोहोचलेले ते पहिले अधिकारी. त्यांच्याच कार्यकाळात, मे १९८७ मध्ये, ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका नौदलात आली. पहिल्या विमानवाहू नौकेच्या डेकवर पहिले जेट उतरवणारा लेफ्टनंट आणि दुसरी विमानवाहू नौका ताफ्यात आली तेव्हाचा नौदलप्रमुख ही एकच व्यक्ती होती. निवृत्तीनंतर ते सिक्कीमचे राज्यपालही झाले. संग्रहालयाच्या इमारतीतील दालनात ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ यांच्या प्रतिकृती आहेत. मैदानातील सी हॉक पाहून झाल्यावर लगेच आत जाऊन त्या दोन्ही पाहाव्यात, म्हणजे ही सव्वीस वर्षे एका नजरेत येतात. दालनातील इंजिने, बाँब आणि पाणतीर यांत तांत्रिक रस असणाऱ्यांचा वेळ चांगला जाईल. बाकीच्यांनी तिथून लवकर बाहेर पडायला हरकत नाही.

सी हॉकच्या जोडीने अलिझे हे फ्रेंच विमान पाहावे. पाणबुड्या शोधणे हे त्याचे मुख्य काम, आणि त्यासाठी पोटाखाली बाहेर काढता येणारे रडार त्याला होते. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले आणि त्यानंतरच्या दिवसांत अलिझे विमानांनीही पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची कोंडी करण्यात मोठा वाटा उचलला. त्या वेळी ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एक नादुरुस्त होता, त्यामुळे नौकेचा वेग मर्यादित होता, आणि वेग कमी म्हणजे डेकवरून समोरून मिळणारा वारा कमी, म्हणजेच विमान उडवणे अधिक कठीण. अशा नौकेला युद्धात उतरवावे की नाही, हा प्रश्न वैमानिकाच्या हातातला नसतो, तो वरिष्ठ सेनानींनी सोडवायचा असतो. वैमानिकाचे धैर्य आणि सेनानीचा निर्णय यांतला फरक समजावून सांगायला यासारखे दुसरे उदाहरण या आवारात नाही.

१९७१ च्या त्याच युद्धात लेफ्टनंट अरुण प्रकाश हे नौदलाचे वैमानिक पश्चिम आघाडीवर हवाई दलाच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हंटर विमान उडवत होते. एका दलाचा अधिकारी काही काळ दुसऱ्या दलात पाठवण्याची पद्धत आहे, त्यानुसार ते तिथे गेले होते. रावळपिंडीजवळील चकलाला विमानतळावरील हल्ल्यात त्यांनी भाग घेतला. जमिनीवर उभी असलेली जी विमाने त्या हल्ल्यात नष्ट झाली, त्यांत तेव्हा पाकिस्तानात नेमणुकीवर असलेले प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक चक येगर यांचे छोटे विमानही होते. त्या युद्धातील कामगिरीबद्दल अरुण प्रकाश यांना वीरचक्र मिळाले. हंटर विमान नौदलाचे नसल्यामुळे या टप्प्याची खूण दाबोळीत शोधू नये. त्यांच्या कारकिर्दीची खूण इथे आहे ती सी हॅरियरच्या रूपाने.

सी हॅरियर हे या संग्रहालयातले माझे सर्वांत आवडते दालन आहे, जरी त्याला छप्पर नसले तरी. विमानाच्या कुशीला दोन्ही बाजूंनी मिळून चार तोट्या आहेत. पेगासस इंजिनाचा सारा जोर त्या तोट्यांमधून बाहेर पडतो आणि त्या खाली वळवल्या की विमान जागच्या जागी उचलले जाते किंवा सरळ खाली उतरते. मुख्य चाके पोटाखाली एकामागे एक असल्यामुळे तोल सांभाळण्यासाठी पंखांच्या टोकांजवळ दोन बारीक चाके दिली आहेत, तीही पाहण्यासारखी आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये अशी पहिली तीन विमाने इंग्लंडमधून माल्टा, लक्सर आणि दुबई असे टप्पे घेत १६ तारखेला दाबोळीला उतरली. त्या तुकडीचे नेतृत्व कमांडर अरुण प्रकाश यांच्याकडे होते. सी हॉक विमानांवर घडलेल्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे ‘व्हाइट टायगर’ तुकडीची, ती नवी सुरुवात होती. पुढे बत्तीस वर्षांनी, मे २०१६ मध्ये, सी हॅरियरला निरोप दिला गेला तोही याच तळावर. ज्या धावपट्टीवर ती तीन विमाने उतरली ती संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि विमान प्रत्यक्ष जिथे आले आणि जिथून निवृत्त झाले त्याच जागी ते जतन केलेले असणे, हे कुठल्याही संग्रहालयाचे मोठे भाग्य मानावे लागेल.

इथून पुढची अरुण प्रकाश यांची कारकीर्द विमानात दिसत नाही, आणि मला वाटते तरुण वाचकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते इथेच. नौदलाचा वैमानिक हा आधी नाविक अधिकारी असतो. त्याला जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवले जाते त्या कक्षात, उभे राहून पहारा सांभाळण्याची पात्रता मिळवावी लागते, मग उड्डाणाचे प्रशिक्षण, मग स्क्वाड्रन, आणि पुन्हा जहाज. अशा दोन शिड्या त्याला एकाच वेळी चढाव्या लागतात. कमांडरच्या हुद्द्यापर्यंतची बढती ठरावीक सेवाकाल आणि पात्रतेवर मिळते, त्यापुढे मात्र निवड मंडळ एकेकाचा सारा सेवा-इतिहास तपासून निवड करते आणि कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल अशा प्रत्येक पायरीवर जागा झपाट्याने कमी होत जातात. अरुण प्रकाश यांनी लढाऊ स्क्वाड्रनचे, नौदलाच्या हवाई तळाचे आणि ‘विराट’सह चार युद्धनौकांचे नेतृत्व केले. ध्वजाधिकारी, म्हणजे रिअर ॲडमिरल किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचे अधिकारी, झाल्यावर पूर्व ताफा, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अंदमान-निकोबार येथील संयुक्त कमांड आणि मुंबईची पश्चिम नौदल कमांड अशा एकाहून एक वेगळ्या जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. ३१ जुलै २००४ रोजी ते नौदलप्रमुख झाले.

या यादीतली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी नेमणूक अंदमानची. भूदल, नौदल आणि हवाई दल यांना एकाच सेनापतीखाली आणणारी ती देशातली पहिली कमांड २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले प्रमुख अरुण प्रकाश होते. ज्याने तरुणपणी नौदलाचा गणवेश अंगावर असताना हवाई दलाच्या स्क्वाड्रनमधून युद्ध लढले, त्याच्याकडे तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड यावी, यात मला एक सुसंगती दिसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच बेटांना भयंकर तडाखा बसला, तेव्हा ते नौदलप्रमुख होऊन पाच महिनेही झाले नव्हते. आपल्या बेटांवर आणि किनाऱ्यावर मदत पोहोचवत असतानाच नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियालाही गेली. त्यांच्याच कार्यकाळात, एप्रिल २००५ मध्ये, कोचीच्या गोदीत नव्या स्वदेशी विमानवाहू नौकेसाठी पोलाद कापण्यास सुरुवात झाली. ती नौका नवी ‘विक्रांत’ म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. निर्णय घेणारा आणि त्याचे फळ पाहणारा यांच्यामध्ये सतरा वर्षे जातात, हे वरिष्ठ सेनानीच्या कामाचे स्वरूप आहे, आणि नौदलप्रमुखाला मिळतात ती जास्तीत जास्त तीन वर्षे किंवा वयाच्या बासष्टीपर्यंतचा काळ, यांपैकी जे आधी येईल ते.

मैदानावरचे सर्वांत भव्य विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. तीन उभी शेपटे, पंख्यांची चार इंजिने आणि डॉल्फिन माशासारखी डौलदार पाठ असलेले हे विमान मूळचे एअर इंडियाचे; ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने ते प्रवासी नेत असे. पुढे ते हवाई दलाकडे गेले, आणि १९७६ मध्ये दूरवरच्या सागरी गस्तीसाठी ही विमाने नौदलाला देण्यात आली. ती दाबोळीहूनच उडत असत. हेच काम करणारी आयएल-३८ विमाने १९७७ पासून २०२३ पर्यंत इथे होती, आणि आता पी-८आय विमानांची एक तुकडी ‘हंसा’वर आहे. समुद्रावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या या सेवेला लढाऊ विमानांचा थाट लाभत नाही, पण मोठी कमांड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे बरेचसे निर्णय अशाच विमानांनी आणलेल्या माहितीवर अवलंबून असतात. चेतक, कामोव्ह ही हेलिकॉप्टरेही आवारात आहेत.

संग्रहालयाबाहेरच्या गोव्यातही या कारकिर्दीच्या वरच्या पायऱ्या आहेत, याची जाणीव ठेवून परत फिरावे. गोवा नौदल क्षेत्राचा प्रमुख हा रिअर ॲडमिरल असतो आणि संपूर्ण नौदल विमानदलाची जबाबदारीही त्याच्याकडेच असते. पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडे वेरें येथील ‘आयएनएस मांडवी’वर नौदल युद्ध महाविद्यालय आहे, जिथे वरिष्ठ हुद्द्यांकडे वाटचाल करणारे अधिकारी युद्धनीती आणि उच्च नेतृत्वाचा अभ्यास करतात, मार्च २०२४ मध्ये त्याच्या ‘चोला’ या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिथे अर्थातच पर्यटक म्हणून जाता येत नाही. ‘हंसा’वरच विमानवाहू नौकेच्या डेकची जमिनीवरील प्रतिकृती आहे. स्वदेशी तेजस विमानाच्या नौदल आवृत्तीने सप्टेंबर २०१९ मध्ये तारेत आकडा अडकवून उतरण्याची चाचणी तिथेच पार केली, आणि जानेवारी २०२० मध्ये कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरवले. सी हॉकच्या शेपटीखालचा आकडा पाहून झाल्यावर ही घटना सांगितली, तर साठ वर्षांनंतरही मूळ कसब तेच राहिले आहे हे मुलांना लगेच पटते.

जाण्यासाठी वास्कोहून बोगमाळोकडे जाणारी बस किंवा स्वतःचे वाहन सोयीचे. दाबोळी विमानतळावर उतरणाऱ्यांना तर हे अंतर अगदीच थोडे आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते. विमाने उघड्यावर असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन टाळावे, सोबत पाणी आणि टोपी ठेवावी. पावसाळ्यात मैदानापेक्षा आतल्या दालनाला जास्त वेळ द्यावा आणि उघडीप मिळेल तेव्हा बाहेर पडावे. जमल्यास कामकाजाच्या दिवशी सकाळी जावे, कारण त्या वेळेत दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षांची आहे आणि मिग-२९के विमानाचा गडगडाट डोक्यावरून जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक. संग्रहालयातील छायाचित्रणाचे नियम प्रवेशद्वाराशी विचारून घ्यावेत आणि परिसर लष्करी असल्यामुळे कॅमेरा तळाच्या दिशेने वळवू नये.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. चाळीस मुलांना सगळी विमाने भराभर दाखवण्यापेक्षा त्यांचे दोन गट करावेत, एका गटाला सी हॉक आणि ताहिलियानी, दुसऱ्याला सी हॅरियर आणि अरुण प्रकाश असा विषय आठवडाभर आधी द्यावा, आणि संग्रहालयात त्या त्या विमानासमोर मुलांनीच इतरांना ती कारकीर्द सांगावी. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमण्यासारखे आहे, आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर मुलाखतीच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग होईल.